टेलिफोनच्या खोक्यामागचे दार

वाचकहो, या पानावर आम्ही आजवर शाळा, भाषा, सण-उत्सव आणि क्वचित प्रवास यांविषयी लिहीत आलो. आज मात्र वेगळ्याच जागेची हकीकत सांगणार आहोत. ती जागा म्हणजे न्यूयॉर्क शहरातले एक लपलेले मद्यगृह. शिक्षकाने मद्यगृहात जावे आणि वर त्याची हकीकत छापावी, हे काहींना रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे. आधी पूर्ण वाचावे आणि मग काय तो निकाल द्यावा, एवढीच विनंती.

२०१९ च्या डिसेंबरात शाळांची मोठी सुट्टी लागताच आम्ही व सौ. अमेरिकेस गेलो. न्यू जर्सीत सौ.चे मावसभाऊ राहतात, त्यांच्याकडे उतरलो. परंतु जाण्याचे खरे निमित्त निराळे होते. आमच्या ताईचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, त्या वेळी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी गेलेला होता. निघण्याच्या आदल्या दिवशी ताई लाडवांचा डबा घेऊन आमच्या घरी आली. डबा ठेवला, पदराने हात पुसले आणि म्हणाली, "पोरगा तिकडे नक्की काय करतो, ते तुझ्या डोळ्यांनी बघून ये. गावात विचारतात तेव्हा मी सांगते, हॉटेलात आहे. हॉटेलात कुठे, ते मी कुणाला सांगितलेलं नाही."

हॉटेलात कुठे, ते आम्हांस ठाऊक होते. तो बारमन होता. हा शब्द ताईला उच्चारवत नव्हता, आणि त्याला कारणही तसेच होते.

बुतिकची मागची खोली

आमचे भावोजी २००८ मध्ये वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे ४४ होते. डॉक्टरांनी कागदावर यकृताचा विकार लिहिला. गावाला त्या विकाराचे दुसरे नाव माहीत होते. माणूस मोठा कष्टाळू. भल्या पहाटे उठून ऊस तोडायला जाई, कोठीच्या कामात कधी खाडा नाही. झाकडीत ढोलकी वाजवावी तर त्यांनीच. संध्याकाळ झाली की मात्र पावले आपोआप बुतिककडे वळत. आपल्या बेटावरील जुन्या बुतिका वाचकांना आठवत असतील. पुढच्या बाजूस तांदूळ, डाळ, साबण, खारवलेले मासे. मागच्या बाजूस एक अंधारी खोली, दोन बाके, तोंडी लावायला थोडे गाजाक आणि रम. एक 'तोपेत' रिकामी झाली की दुसरी येई. खिशात पैसे नसले म्हणून अडत नसे. दुकानदाराच्या 'कार्ने'त तेवढी एक ओळ वाढे.

महिनाअखेरीस ताई ते कार्ने घेऊन आमच्याकडे येई आणि आम्ही बेरीज करून देत असू. घरात शिक्षक झालेला एकटा मीच, म्हणून हे काम आमच्याकडे. तांदळाच्या ओळी थोड्या, रमच्या ओळी फार. ताई बेरीज ऐकून घेई आणि एकच सांगे, "आईला बोलू नकोस." आम्ही बोललो नाही. कोणीच कोणाला बोलले नाही. भावोजींच्या अंत्ययात्रेला सारा गाव लोटला, पण त्या गर्दीतही कोणी तो शब्द काढला नाही.

त्याही मागच्या पिढीत 'तिलांबिक' होती. हा क्रिओल शब्द तरुण वाचकांच्या कानांवर पडला नसेल. लांबिक म्हणजे दारू गाळण्याचे भांडे आणि तिलांबिक म्हणजे चोरून गाळलेली दारू. रात्री उसाच्या शेतात चूल पेटे, डब्यात मळी किंवा साखरेचे आंबवण उकळे, आणि कोणीतरी वाटेवर पोलिसांसाठी पहारा देई. आमचा आजा त्या पहाऱ्यावर बसल्याच्या गोष्टी रंगवून सांगे. त्यातले धैर्य आम्हांला लहानपणी फार आवडे. आजीला त्या गोष्टी का आवडत नसत, ते पुढे कळले.

भावोजी गेले तेव्हा भाचा तेरा वर्षांचा होता. बाराव्या दिवशी ताईने त्याला देवापुढे उभे केले आणि बाटलीला हात लावणार नाही, अशी शपथ घ्यायला लावली. आणि आता तो मुलगा दिवसभर बाटल्यांनाच हात लावत होता. आम्हांला ताईने जे बघायला पाठवले, ते हे.

फोन उचला, आत या

भाचा आम्हांस म्हणाला, "मामा, माझ्या हॉटेलात तुम्ही गिऱ्हाईक म्हणून बसणार आणि मी पेले पुसत राहणार, ते बरं दिसणार नाही. मी सुट्टीच्या दिवशी जिथे शिकायला जाऊन बसतो, ती जागा दाखवतो."

मॅनहॅटनच्या ईस्ट व्हिलेज भागात सेंट मार्क्स प्लेस नावाचा रस्ता आहे. तेथे ११३ क्रमांकाच्या घरात, चार पायऱ्या उतरून, 'क्रिफ डॉग्ज' नावाचे पावात सॉसेज घालून विकणारे दुकान लागले. तळणीचा वास, कोपऱ्यात खेळाची यंत्रे, उभ्याने खाणारी तरुण मुले. सौ. आमच्याकडे बघू लागल्या. एवढ्यासाठी थंडीत आणले काय, असा त्यांचा चेहरा. भिंतीला लागून जुन्या पद्धतीचे लाकडी टेलिफोनचे खोके होते. भाच्याने आम्हांला त्यात शिरायला सांगितले. दोन माणसे कशीबशी मावली. फोन उचलून कळ दाबली, आणि खोक्याची मागची भिंतच दारासारखी उघडली! आतून एका बाईंनी नाव विचारले, वय पडताळायला पासपोर्ट पाहिले आणि आत घेतले. न्यूयॉर्कात २१ वर्षांखालील माणसाला मद्य देता येत नाही. आमच्या पिकू लागलेल्या केसांकडे पाहूनही त्यांनी पासपोर्ट पाहिलाच.

या मद्यगृहाचे नाव 'प्लीज डोन्ट टेल'. म्हणजे, कृपया कुणाला सांगू नका. नाव ऐकून आम्हांला हसू आले आणि लगेच ताईचे लाडवांचे डबे आठवून ते विरले.

२००७ मध्ये हे उघडले. जिम मीहन या नावाजलेल्या बारटेंडरने त्याची घडी बसवली. २०११ मध्ये त्याच्या कृतींचे पुस्तक निघाले आणि २०१२ मध्ये जेम्स बिअर्ड पुरस्कारांत मद्यगृहांसाठी जो नवा पुरस्कार सुरू झाला, तो पहिल्याच वर्षी या जागेने पटकावला. कुणाला सांगू नका म्हणता म्हणता साऱ्या जगाला कळले. आपल्याकडे म्हणतातच, झाकली मूठ सव्वा लाखाची.

आतली जागा म्हटली तर आपल्या शाळेच्या दोन वर्गखोल्यांएवढीही नसेल. विटांच्या भिंती, लाकडी छत, मंद दिवे, भिंतींवर पेंढा भरलेली जनावरे. जेवढी आसने तेवढीच माणसे आत घेतात, ताटकळत कोणी उभे राहत नाही. त्यामुळे गोंगाट नाही. माणसे शेजाऱ्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात बोलत होती.

हळू बोला, कोणी ऐकेल

हळू बोलण्यामागे इतिहास आहे. अशा जागांना अमेरिकेत 'स्पीकईझी' म्हणतात. मालक गिऱ्हाइकाला बजावी की बाबा, हळू बोल, बाहेर ऐकू जाईल. त्यावरून हे नाव पडले. शब्द एकोणिसाव्या शतकातला, पण तो घरोघरी गेला अमेरिकेच्या दारूबंदीत. १७ जानेवारी १९२० पासून ५ डिसेंबर १९३३ पर्यंत त्या देशात मद्य करणे, विकणे आणि वाहून नेणे हा गुन्हा होता. त्यासाठी राज्यघटनाच दुरुस्त केली होती.

ही बंदी कोणी आणली? पाद्री आणि पुढारी तर होतेच. पण चळवळीचा कणा होत्या बायका. १८७४ मध्ये अमेरिकेतील ख्रिस्ती स्त्रियांनी मद्यपानाविरुद्ध आपला संघ काढला. नवऱ्याची मजुरी घरी येण्याऐवजी गुत्त्यात जाते, हे त्यांचे दुःख होते. आमच्या ताईला इंग्रजी येत नाही, पण त्या बायकांशी तिचे पटले असते.

बंदी आली आणि दारू काही गेली नाही. ती भिंतीआड गेली. न्यूयॉर्कमध्ये 'ट्वेंटीवन क्लब' या नावाचे प्रसिद्ध उपाहारगृह होते. १९३० साली ते ५२ व्या रस्त्यावरच्या २१ क्रमांकाच्या घरात आले. तळघरात विटांच्या भिंतीसारखे दिसणारे अवजड दार होते. त्यातल्या एका बारीक भोकात मांस भाजण्याची सळई सारली की ते उघडे. गंमत अशी की दारामागचे कोठार शेजारच्या १९ क्रमांकाच्या घराखाली होते. तेव्हा पोलिसांनी विचारले, या घरात दारू आहे काय, तर मालक खुशाल सांगत, या घरात नाही! अशी 'खरी' उत्तरे देणारे विद्यार्थी आम्ही वर्गात खूप पाहिले आहेत. हे उपाहारगृह आम्ही गेलो तेव्हा चालू होते, पुढे २०२० मध्ये ते बंद झाले.

या गमतीची दुसरी बाजू काळी आहे. चोरट्या धंद्यात मापही नाही आणि तपासणीही नाही. कारखान्यांसाठी लागणारे अल्कोहोल कोणी पिऊ नये, म्हणून सरकारनेच त्यात विष मिसळायला लावले होते. तेच अल्कोहोल पुन्हा गाळून विकले जाई. कित्येक माणसे त्याने मेली, कित्येक आंधळी झाली. चांगले बारटेंडर पोटासाठी परदेशी गेले. त्यांतला हॅरी क्रॅडॉक लंडनच्या सव्हॉय हॉटेलात रमला आणि १९३० मध्ये त्याने लिहिलेले पुस्तक आजही या धंद्यातली मुले वाचतात. अखेर १९२९ मध्ये बंदी उठवा म्हणून नवी संघटना उभी राहिली, आणि तीही बायकांचीच! न्यूयॉर्कच्या पॉलीन सेबिन तिच्या प्रमुख होत्या. मुलांसमोर कायदा रोज मोडला जातो, हे आम्हांला नको, असे त्या म्हणत.

पुढे ही लपलेली दारे विसरली गेली. १९९९ सालच्या अखेरच्या रात्री सॅशा पेट्रास्के या तरुणाने न्यूयॉर्कच्या एल्ड्रिज रस्त्यावर 'मिल्क अँड हनी' हे छोटे मद्यगृह उघडले. बाहेर पाटी लावली नाही. आत आवाज करायचा नाही, अनोळखी स्त्रीशी आपण होऊन लगट करायची नाही, असे लेखी नियम केले आणि प्रत्येक पेला मोजून भरला. पेट्रास्के २०१५ मध्ये वारले, परंतु आज जगभर जी लपलेली मद्यगृहे निघाली आहेत, त्यांतली पुष्कळशी त्यांच्याच वाटेने गेली. शंभर वर्षांपूर्वी माणसे भीतीने लपत. आता हौसेने लपतात आणि लपण्याचे पैसे देतात.

फोडणीसारखी युक्ती

आता पेल्यांकडे वळू. सौ.नी बसताक्षणीच सांगून टाकले, "ताडाखाली बसून दूध प्यायलं तरी लोक ताडीच म्हणणार. पण आपण दूधच प्यायचं." आम्हीही भावोजी गेल्यापासून मद्याला शिवलेलो नाही. आम्हांला वाटले, हे ऐकून काउंटरमागचा तरुण नाक मुरडेल. त्याने उलट विचारले, आंबट आवडते की गोड? आले चालते का? सोडा हवा की नको? चार प्रश्न विचारून त्याने लिंबू, मध, आल्याचा रस, पुदिना आणि सोडा यांचे पेय केले. मद्याचे पेय जितक्या मन लावून करीत होता, तितकेच मन लावून. विद्यार्थ्याला काय येते, हे आधी विचारून मग शिकवावे, असे आम्हांला प्रशिक्षणात सांगत. तीच गोष्ट येथे पाहिली.

कॉकटेल म्हणजे काय, याची सर्वांत जुनी छापील व्याख्या १८०६ सालच्या एका अमेरिकन वर्तमानपत्रात आहे. कोणतेही मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क, एवढेच. हा कडू अर्क म्हणजे औषधी मुळे व साली भिजवून केलेला काढा. त्यातला सर्वांत प्रसिद्ध 'अंगोस्तुरा'. व्हेनेझुएलातल्या त्याच नावाच्या गावी एका जर्मन डॉक्टरने १८२४ मध्ये तो सैनिकांच्या पोटासाठी तयार केला. आज तो त्रिनिदादमध्ये होतो. तेही आपल्यासारखेच उसाचे बेट, आणि तेथेही आपल्या पूर्वजांसारखे गिरमिटिये उतरले होते.

भाच्याने स्वतःसाठी 'बेंटन्स ओल्ड फॅशन्ड' मागवले. २००७ मध्ये डॉन ली या बारटेंडरने ते याच जागी बसवले. त्याची कृती ऐकून सौ.नी पदर नाकाला लावला, कारण त्यात धुरी दिलेल्या डुकराच्या मांसाची चरबी लागते. ही चरबी पातळ करून व्हिस्कीत ओततात, काही तास तशीच ठेवतात आणि मग बाटली बर्फाच्या कपाटात घालतात. चरबी गोठून वर येते, ती गाळून टाकतात. चरबी जाते आणि तिचा वास मात्र व्हिस्कीत उरतो. सौ.ना हे अशक्य वाटले. आम्ही म्हटले, "फोडणीत काय करता? हिंगाचा, मोहरीचा वास तेल धरून ठेवतं आणि साऱ्या वरणाला देतं. इथे एवढाच फरक, की वास दिल्यावर तेल काढून घेतात." हे त्यांना पटले. वास मात्र आवडला नाही.

त्या व्हिस्कीत तरुणाने मेपल झाडाचा पाक आणि अंगोस्तुराचे दोन शिंतोडे घातले. हलवले नाही, लांब चमच्याने ढवळले. भाचा समजावून सांगत होता. लिंबाचा रस किंवा अंडे असेल तर खळखळून हलवायचे, म्हणजे हवा मिसळते. नुसते मद्य असेल तर ढवळायचे, म्हणजे पेय स्वच्छ राहते. पेल्यात बर्फाचा एकच मोठा तुकडा होता. एका मोठ्या तुकड्याचा पृष्ठभाग तेवढ्याच वजनाच्या लहान तुकड्यांपेक्षा कमी, म्हणून तो सावकाश वितळतो. हे गणित आम्ही सातवीला शिकवतो, पण असे उदाहरण आम्हांला कधी सुचले नव्हते.

भाच्याने पेला आमच्यापुढे सरकवला. "पिऊ नका. नुसता वास घ्या." आम्ही वास घेतला. धूर आणि साखर. कापणीपूर्वी शेत पेटवतात, तेव्हा संध्याकाळी सगळ्या गावावर जो वास पसरत असे, तोच. भावोजी कामावरून घरी येत तेव्हा त्यांच्या अंगाला हाच वास असे. तो बुतिकला जाण्याआधीचा वास. आम्ही पेला परत सरकवला आणि थोडा वेळ काही बोललो नाही.

जिगर

त्या तरुणाच्या हातात सारखे एक छोटे धातूचे माप होते. दोन तोंडांचे, मधे बारीक, डमरूसारखे. एका तोंडात साठ मिलीलिटर मावते, दुसऱ्यात तीस. बाटली कितीही ओळखीची असो, तो मापाशिवाय काही ओतत नव्हता. आम्ही नाव विचारले. भाचा म्हणाला, "जिगर." आपल्याकडे हिंदी-उर्दूत जिगर म्हणजे यकृत. भाच्याला ते ठाऊक होते. त्याच्या तोंडावर हसू नव्हते.

मग आम्ही विचारायचे ते विचारले. "शपथेचं काय झालं?"

"मोडली, मामा. एकोणिसाव्या वर्षी, हॉटेलचं शिक्षण चालू असताना. चव घेतल्याशिवाय हे काम शिकताच येत नाही. मोडली याचं वाईट वाटत नाही. आईला सांगितलं नाही, याचं वाटतं."

"आणि बाबांसारखं होणार नाही, हे कशावरून?"

त्याने लगेच उत्तर दिले नाही. खिशातून एक छोटी वही काढली. एका बाजूने पेयांच्या कृती लिहिल्या होत्या. वही उलटी धरली की दुसऱ्या बाजूने तारखा होत्या, आणि प्रत्येक तारखेपुढे त्या दिवशी तो स्वतः काय प्यायला, त्याचे माप. पुष्कळ तारखांपुढे शून्य होते. "भीती मलाही वाटते," तो म्हणाला. "म्हणून लिहितो. खोटं लिहिलं तर मलाच कळेल."

वही हातात आली की बेरीज करायची, ही आमची जुनी खोड. आम्ही नोव्हेंबर महिन्याची बेरीज केली. सहा पेले. सौ.नीही डोकावून पाहिले.

आम्ही त्याला सोपे जाऊ दिले नाही. म्हटले, मोजून दिलेला पेला चारदा दिला तर तोही घर बुडवतो, मग या मापाचा उपयोग काय? त्याने मान्य केले. म्हणाला, "इथे कायद्याने, झिंगलेल्या माणसाला पुढचा पेला देता येत नाही. दिला आणि त्याने कुणाला इजा केली, तर देणाऱ्यावरही खटला होतो. नाही म्हणायला आम्हांला शिकवतात, मामा. बाबांना बुतिकमध्ये कुणी कधी नाही म्हटलं असेल का?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. नाही म्हणायला तर आम्हीही गेलो नव्हतो. आम्ही बेरीज करून देत होतो.

आपल्या माणसांचा हिशेब

घरी परतताना आम्हांला पुणे आठवले. २००४ मध्ये मराठी अध्यापनाच्या एका वर्गासाठी आम्ही तेथे महिनाभर होतो. रस्तोरस्ती 'परमिट रूम' अशा पाट्या पाहून आम्ही बुचकळ्यात पडलो होतो. वाटले, एखादे सरकारी कार्यालय असावे! मग उलगडा झाला. १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली, पुढे ती सैल झाली आणि परवाना काढून पिण्याची मुभा मिळाली. त्या काळाची खूण म्हणजे ही पाटी. बंदीच्या दिवसांत मुंबईतही दारे लपलेली होती. वांद्र्यासारख्या वस्त्यांत 'आंटी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बायका घरातच दारू विकत. पण तेथेही चोरट्या दारूने घात केला, आणि अजून करते. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. बंदी नव्हती, तरी गरिबाला परवडणारी दारू अंधारातच मिळत होती.

महाराष्ट्रातल्या बायकाही गप्प बसलेल्या नाहीत. गावातले दुकान बंद करायचे असेल तर तेथे मतदान होते. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. कित्येक गावांनी बाटली आडवी केली. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. प्रश्न सुटला, असे कोणी म्हणू शकत नाही.

आणखी एक योगायोग. अमेरिकेच्या दारूबंदीची घटनादुरुस्ती १९१९ च्या जानेवारीत मंजूर झाली, आणि त्याच महिन्यात राम गणेश गडकरी वारले. त्यांचे 'एकच प्याला' हे नाटक त्यांच्या मागे त्याच वर्षी रंगभूमीवर आले. पहिला प्याला एकच असतो आणि मग तो एकच राहत नाही, हे त्या नाटकाने मराठी माणसाला कायमचे शिकवले. न्यूयॉर्कच्या त्या खोलीत आम्ही एकच राहिलेला प्याला पाहिला. भाचा दीड तास तेवढा एकच पेला घेऊन बसला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कोणाच्या बाबतीत कोणती खरी ठरेल, हे आधी सांगणारा ज्योतिषी नाही. म्हणून आम्ही कोणाला प्या असे सांगणार नाही, आणि आम्हीही पिणार नाही.

मात्र लपवण्याविषयी आमचे मत बदलले. आपल्या बेटावर आज चित्र पालटले आहे. शामारेलच्या डोंगरावर २००८ पासून रमचा कारखाना उभा आहे. पर्यटक पैसे देऊन ती गाळताना पाहतात, छोट्या पेल्यातून चाखतात. आमचा आजा ज्या कामासाठी शेतात पहारा देई, ते काम आता तिकीट लावून दाखवतात. आपली शेकडो मुले हॉटेलांत आहेत, आणि त्यांतली कित्येक बारमागे उभी आहेत. त्यांच्या आया गावात सांगतात, हॉटेलात आहे. आणि ज्या घरांत खरोखर कोणी पिऊन खंगत आहे, तीही घरे सांगतात, बरे नाही. दोन्ही गोष्टी एकाच पदराखाली झाकल्या, तर कष्टाळू मुलगा कोणता आणि बुडणारा माणूस कोणता, हे आपल्याला कळायचे कसे? बुडणाऱ्याला हात द्यायचा, तर आधी तो दिसला पाहिजे. आमच्या घरात तो दिसत होता आणि आम्ही सर्वांनी मिळून पाहिले नाही.

असो. २०२० च्या जानेवारीत आम्ही परतलो आणि ताईला सारे सांगितले. टेलिफोनचे खोके, बर्फ, माप. वही सांगितली, शपथ सांगितली नाही. ते त्याने सांगायचे होते. मार्चमध्ये आपले विमानतळ बंद होण्याआधी तो कसाबसा घरी पोहोचला आणि त्याने सांगितले. ताई चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने ती वही मागून घेतली, चष्मा लावून पाने उलटली आणि काही न बोलता परत दिली.

त्या वर्षीच्या गणेशचतुर्थीला ताईकडे आरतीनंतर शेजारच्या बायका जमल्या होत्या. भाच्याने स्वयंपाकघरात चिंचेचा कोळ, गूळ, आले आणि भाजलेले जिरे यांचे पेय केले. त्यात मद्याचा थेंब नव्हता. तरी आपले जिगर घेऊन, मोजून, एकेक पेला भरून तो बाहेर आणत होता. एका शेजारणीने पेला संपवला आणि ताईला विचारले, "काय हात आहे पोराचा! हॉटेलात स्वयंपाकी आहे का?"

ताईने समईची वात पुढे सारली. मग म्हणाली, "नाही, बारमन आहे. मोजून ओततो."

बाई क्षणभर गप्प झाली. मग तिने पेला पुढे केला. आणखी मिळेल का, म्हणाली. भाच्याने पुन्हा माप भरून घेतले.

(ही हकीकत ताई व भाचा या दोघांच्या संमतीने छापली आहे.)